आनंदीचं तेल आणि माझं गाऱ्हाणं

मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. देवळात नारळ धरून वाडीच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ते मीच. शाळा सातवीपर्यंत, पण मला माइक लागत नाही. असा आवाज पंचक्रोशीत दुसरा नाही, हे मी आजही म्हणेन. लिहायचं आहे ते मात्र माझ्या धाकट्या बहिणीबद्दल.

आनंदी बायकांचे ब्लाऊज शिवते. नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. गोव्याला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. नेणारा-आणणारा मीच. गावात तिने सांगितलं, पित्ताचे खडे काढले. ब्लाऊजच्या आत कापसाची घडी शिवून घेतली ती इतकी बेमालूम, की माप द्यायला येणाऱ्या बायकांनाही कळलं नाही.

जखम भरली, आग राहिली. काखेपासून छातीपर्यंत कळा यायच्या, पदर टेकला तरी कळवळायची. डॉक्टर म्हणाले, कापताना नसा दुखावल्यात. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. मग त्यांनाच विचारून कुडाळच्या एका वैद्यांनी जिभेखाली घ्यायचे तेलाचे थेंब लिहून दिले. कॅनाबिडिऑल. भांगेच्या झाडातून काढतात, पण नशा चढत नाही. "गुण येईलच असं नाही, बघूया," असं त्यांनी आधीच सांगितलं.

दीड महिन्यात आग निम्म्यावर आली. एका बैठकीत दोन ब्लाऊज शिवायला लागली.

"दादा, खंय बोलू नको हां," ती म्हणाली.

"माझ्या तोंडातसून शबूद जावचो नाय," मी म्हटलं.

जत्रेला अख्खी वाडी देवळात होती. नारळ हातात आला आणि मला चेव चढला.

"बा देवा म्हाराजा, माझ्या भैनीची डावी छाती कापून काढली, थंय आग होता. गांजाच्या तेलान ती निम्मी थंड झाली. आता पुरी थंड कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे सवयीने ओरडले. मग माना वळल्या. बायकांच्या बाजूला आनंदी उभी होती. तिने पदर डाव्या अंगावर ओढून धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानावर वाडीतला हरिश्चंद्र म्हणाला, "काय रे, भैनीक गांजो? आमकाव एक थेंब दी मरे."

सगळे हसले. मीही हसलो. ह्याची मला जास्त लाज वाटते.

शेजारची रश्मी माप द्यायला आली, ती टेपकडे न बघता आनंदीच्या छातीकडेच बघत राहिली. त्या दिवशी आनंदीने तेल बंद केलं. आठवड्याभरात आग परत आली, शिलाई मशीन थांबलं.

मी उलट तिच्यावरच चिडलो. "देवाकडे मागलंय मां? चोरी केलंय काय?"

"देवान ऐकला काय म्हायत नाय, दादा. गावान ऐकला." मग म्हणाली, "आणि गांजो कित्याक म्हटलंस? वैद्यान तसा खंय सांगितलान?"

खरं सांगतो. कॅनाबिडिऑल म्हणताना जीभ अडखळली असती, चारचौघांत. म्हणून गांजा म्हटलं.

"मी परत देवळात उभो रवान माफी मागतंय," मी म्हटलं.

"नको. आता फक्त गप रव."

ते जड गेलं. हरिश्चंद्राने परत डिवचलं तेव्हा साखर घेऊन तसाच घरी आलो. घरात तेलाचा विषय मी काढला नाही.

महिन्याभराने रश्मी पुन्हा आली. आनंदीने तिला आत नेलं, दार लावलं. काय बोलल्या मला ठाऊक नाही. सोमवारी दोघी एसटीने कुडाळला वैद्यांकडे जाऊन तेलाची नवी बाटली घेऊन आल्या. मला कोणी विचारलं नाही. चार-पाच आठवड्यांनी मशीनचा आवाज यायला लागला.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं.

"लिव," म्हणाली, "पण आधी माका वाचून दाखय."

वाचून दाखवलं. तिने दोन ओळी काढायला लावल्या. मी काढल्या.