पेरो आणि सिनो

"शेळी-मेंढीचं उदाहरण तू दिलं असशील. व्याकरण माझं आहे."

मॅडम हे भरल्या वर्गात बोलल्या. धाराशिवच्या आमच्या स्पॅनिशच्या क्लासचं नवं पुस्तक त्या दिवशी आलं होतं. आठव्या पानापासून माझ्या वहीतलं लिखाण, जवळपास जसंच्या तसं. नाव मॅडमचं. मी एवढंच विचारलं होतं, "मॅडम, हे माझं आहे ना?"

पोरं हसली.

पेरो आणि सिनो. दोन्हीचा अर्थ 'पण'. कुठं कुठला लावायचा, वर्गात कुणालाच कळत नव्हतं. मला कळलं ते तामलवाडीत, वडलांच्या मागं मेंढरं हाकताना. लांबून मी म्हणलं, "अण्णा, शेळी मागं राहिली." ते म्हणले, "शेळी न्हाय ती, मेंढी हाय." एक खोडलं, त्या जागी दुसरं ठेवलं. इथं सिनो. आपण मधला 'तर' गिळतो, स्पॅनिशला तो लागतोच. आणि "आजी शिकलेली न्हाय, पण हुशार हाय" म्हणलं तर खोडून बदललं काहीच नाही, नुसती भर घातली. इथं पेरो.

चार पानं लिहिली. मॅडमनी वही घरी नेली. "तपासून देते गं," म्हणाल्या. मला लई अभिमान वाटला. याच मॅडमनी पहिल्या आठवड्यात बजावलं होतं, "वर्गात न्हाय-हाय बोलायचं नाही." तेव्हापासून मी एसटीत 'नाही, आहे' घोकत यायची. त्यांच्यासाठी जीभ बदलली मी. आणि त्यांनी माझ्याच पानांवरचं 'न्हाय' पुसून 'नाही' केलं, झालं त्यांचं.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "पुढच्या बॅचला तुलाच शिकवायला घेणार होते."

मी बसले नाही. ती पानं पुन्हा वाचली. शेवटी एक वाक्य माझं नव्हतं. 'तो श्रीमंत नाही, पण सुखी आहे.' पुढं त्याच्या स्पॅनिशमध्ये 'पण'च्या जागी सिनो लावलेलं.

मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं.

"मॅडम, हे एवढं तुमचं हाय. आणि हे चुकलंय. श्रीमंतीच्या जागी सुख ठेवलेलं न्हाय, दोन्ही येगळं हाय. इथं पेरो पायजे."

कुणी हसलं नाही. मॅडमनी पुस्तक मिटलं. मॅडमनी कधी परत न दिलेली माझी वही त्यांच्या टेबलावर होती, ती मी उचलली आणि निघाले.

पुस्तक अजून त्यांच्याच नावावर खपतंय. मी आता नळदुर्गला पोरींना स्पॅनिश शिकवते, माझं पुस्तक लिहिते. मॅडमना माफी न्हाय. आणि इथून पुढं तोंड उघडायला मी कुणाची परवानगी घेणार न्हाय.