तीन रकान्यांतली एक बातमी

आता जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आणि तो बिचारा चारचौघांत सांगत फिरतो की हिच्या पोटात म्हणून काही राहत नाही! मी फटकळ बाई. नागपुरातल्या ज्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी सारी नोकरी काढली, तिथं शिपायापासून डीनपर्यंत सगळे मला वचकून असतात. मॅडमच्या नादी लागू नका, मॅडम तोंडावर बोलतात. बोलतेच मी. एवढी एक गोष्ट सोडून.

कुठून सुरू करू? आमच्या वार्तापत्रापासून करते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

दर तीन महिन्यांनी आमचं एक वार्तापत्र निघतं. संपादन माझ्याकडे — म्हणजे बातम्या मीच गोळा करायच्या, मीच लिहायच्या आणि धरमपेठेतल्या छापखान्यात जाऊन ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचंही मीच. आत तीन रकाने असतात. कर्मचारी, विद्यार्थी, संशोधन. कोणाला बढती, कोण निवृत्त, कोणाला सुवर्णपदक, कोणत्या प्रकल्पाला मंजुरी. खरं सांगू? कोणी वाचत नाही. ज्याचं नाव छापून आलं तो तेवढ्याच ओळी वाचतो आणि अंक घरी आईला दाखवायला नेतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक अंक आहे. कर्मचारी: तपासणी समितीच्या सहा महिन्यांनी आलेल्या अहवालात महाविद्यालयाच्या गोठ्याची व्यवस्था वाखाणलेली, गोठ्याच्या प्रमुख म्हणून माझा सत्कार. विद्यार्थी: पदव्युत्तर वर्गातला प्रफुल्ल दीर्घ आजारातून बरा होऊन परतला, त्याला शुभेच्छा. संशोधन: जनावरांतल्या ब्रुसेला रोगावरच्या माझ्या प्रकल्पाला मंजुरी. तिन्ही बातम्या मी लिहिल्या. तिन्ही खऱ्या. पण त्या तीन नाहीत, एकच आहे — आणि हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

प्रफुल्ल हे त्याचं खरं नाव नाही. सावनेरकडचा पोरगा, घरी शेती. उंच, लांब हातांचा, आणि त्या हातांत काय जादू होती म्हणून सांगू! गाय अडली, वासरू आडवं आलं की आम्ही घाम गाळायचो, आणि हा खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून, गायीशी काहीबाही बोलत वासरू सरळ करून बाहेर काढायचा. त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. नोकरीचं विचारलं की म्हणायचा, मॅडम, मले फक्त बाळंतपणं करायची आहेत जी, बाकी जनावरांचा डॉक्टर कोणीही होऊ दे. सगळे हसायचे. मी पण. मनातून मात्र वाटायचं — हा माझ्यापुढे जाणार. आनंदच वाटायचा, हो. मत्सर नव्हता. असता तर निदान मत्सराच्या नावावर काही ढकलता आलं असतं.

तर समिती येणार होती. अशी समिती येते तेव्हा कॉलेजचं जे होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो. वर्षभर न दिसलेल्या वस्तू कपाटात मांडल्या जातात. जनावरांच्या तपासणीला घालतात ते खांद्यापर्यंतचे लांब हातमोजे आमच्याकडे नेहमी अपुरे. पोरं वापरलेलेच धुऊन, पावडर लावून पुन्हा घालायची. समितीसाठी म्हणून नवा खोका आला, आणि मी ताकीद दिली की समितीनं बघेपर्यंत त्याचं सील कोणी तोडायचं नाही. तेव्हा हे इतकं साहजिक वाटलं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी गोठ्यातली एक गाय गाभडली. सातव्या-आठव्या महिन्यात मेलेलं वासरू टाकलं तिनं. अशी गाय गाभडली की पहिली शंका ब्रुसेलाचीच घ्यायची, हे आमच्याकडे दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल. वाईट रोग आहे. जनावरातून माणसात येतो — त्या स्रावांतून, जारेतून म्हणजे वारेतून, हातावरच्या साध्या ओरखड्यातून. मी रक्त घेतलं. प्रयोगशाळेत जेवायच्या सुट्टीमुळे कोणी नव्हतं. तपासणी अगदी सोपी असते: प्लेटवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, शेजारी औषधाचा गुलाबी थेंब, काडीनं एकत्र करायचं आणि प्लेट हलवत राहायचं. रोग नसेल तर थेंब तसाच राहतो. असेल तर फाटल्या दुधासारखे कण धरतात.

कण धरले. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा धरले.

आता नियमानं काय करायचं? गाय वेगळी बांधायची, फलक लावायचा, सगळ्यांना सांगायचं, वरती कळवायचं, सगळ्या कळपाचं रक्त काढायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समिती त्याच गोठ्यात येऊन उभी राहणार — प्रमुख कोण, तर मी. कालवडींना या रोगाची लस टोचायचं काम माझंच, आणि त्या वर्षी ते राहून गेलं होतं. तेही निघालं असतं. मी ती प्लेट नळाखाली धुतली. मनाशी म्हटलं, समिती जाऊ दे, मग पुन्हा रक्त घेऊ, मग जाहीर करू. दोन दिवसांनी काय बिघडतं?

डीनसाहेबांनी दबाव आणला, असं म्हणायची फार सोय आहे. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी प्रफुल्लचा फोन आला. "मॅडम, तिची जार अजून पडली नाही जी. वास सुटून राहिला. काढू काय?"

बघा हं, या जागी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ब्रुसेला आहे, हात लावू नकोस. संपलं. समितीला कळलं नसतं, फोनवर आम्ही दोघंच होतो. मग का नाही बोलले? त्याला सांगितलं असतं तर त्यानं इतरांना सावध केलं असतं — तो तसाच होता, गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एवढं सगळं त्या क्षणभरात माझ्या डोक्यात आलं. म्हणजे विचार न करता झालं, असंही नाही.

मी म्हणाले, "काढ."

त्यानं काढली. जुना, धुतलेला हातमोजा घालून. अंगठ्यापाशी फाटलेला होता. नवा खोका कपाटात बंद.

समिती आली, खूश होऊन गेली. त्यानंतर मी गायीचं रक्त रीतसर पुन्हा घेतलं, सगळ्यांदेखत तपासलं, गाय वेगळी बांधली. माझ्या तत्परतेचं कौतुक झालं, आणि त्याच जोरावर पुढे ब्रुसेलाचा प्रकल्पही मिळाला.

महिन्याभरानं प्रफुल्लला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजायचं. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं. कंबर धरली. मी दवाखान्यात जायची, घरून मुगाची खिचडी न्यायची. त्याची आई गावाहून येऊन उशाशी बसलेली असायची. तिनं एकदा माझा हात धरला. "मॅडम, तुमी तं डॉक्टर आहा. पोराले काहून असा रोज ताप येते जी?"

मी म्हणाले, मी जनावरांची डॉक्टर आहे हो, आई.

काय माणूस आहे मी! समोर दिसत होतं. त्याच्या डॉक्टरांना नुसतं म्हटलं असतं की ब्रुसेला बघून घ्या, तर लगेच औषध सुरू झालं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कशावरून शंका आली? गोठ्यात रोग निघाला होता हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, माझ्या शंकेचं कोणाला नवल वाटलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं. तारखा कोणी जुळवील, या भीतीनं मी खिचडीचा डबा रिकामा करून घरी यायची. प्रफुल्ल स्वतः तापाच्या ग्लानीत, त्याला गोठ्याचं डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही. कितीतरी आठवड्यांनी एका तरुण डॉक्टरनं त्याला सहज विचारलं की तू शिकतोस काय, आणि मग ती तपासणी झाली. तोवर रोग मणक्यात उतरला होता.

बरा झाला. म्हणजे जगला, चालतो, फिरतो. पण वाकून उभं राहणं गेलं. गायीमागे तासभर वाकून ताकद लावणं त्याला आता शक्य नाही. आज तो एका औषध कंपनीत आहे, गाडीतून फिरतो, कमरेला पट्टा असतो. एकही बाळंतपण त्यानं त्यानंतर केलेलं नाही.

डीनसाहेबांनी चौकशी केली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, चूक माझी आहे सर, फाटका मोजा घातला, गाभडलेल्या गायीची शंका घ्यायला पाहिजे होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी मान डोलावली.

आणि एवढ्यावर थांबले असते तर! ब्रुसेला शिकवताना मी दर वर्षी त्याची गोष्ट सांगते. नाव घेत नाही. "आपल्याच कॉलेजातला एक मुलगा होता, हुशार, पण निष्काळजी. फाटका मोजा घातला." माझं हे व्याख्यान फार गाजलेलं आहे. पोरं खरोखर सावध होतात, हेही खरं. पहिल्या वर्षी सांगताना जीभ अडखळली होती. नंतर सवय झाली.

यंदा प्रफुल्लचा फोन आला. आनंदात होता. त्याची पुतणी आमच्याकडेच शिकते, आता माझ्या विषयाच्या वर्षाला आली आहे. म्हणाला, मॅडम, तिलेही कडक शिकवा, माझ्यावानी करू नको म्हणा. हसला. मीही हसले.

ती दुसऱ्या रांगेत बसते. काकासारखेच लांब हात. मला वाटलं होतं, या वर्षी ती गोष्ट गाळावी. पण वर्गातली पोरं आधीच्या वर्षाकडून ऐकून आलेली, त्यांनीच मागितली — मॅडम, ती मोज्याची गोष्ट. मी सांगितली. शब्द न् शब्द तीच, निष्काळजी हा शब्दसुद्धा. तिला तो मुलगा कोण ते माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती चिडली नाही. तिनं हात वर केला.

"मॅडम, गाय आधीच गाभडली होती नं? मग जार काढायच्या आधी प्लेट टेस्ट नव्हती केली काय? ती तर मिनिटांत होते नं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चौकशीत नाही, वर्गात नाही. आणि इतकी वर्षं मी फक्त गप्प होते — खोटं असं तोंडानं बोलले नव्हते, अशी माझी मी समजूत घालत आले होते.

मी म्हणाले, "तेव्हा टेस्टचं औषध संपलं होतं."

ती "हो मॅडम" म्हणाली आणि खाली बसली.

औषध संपलं नव्हतं. बाटली जवळजवळ भरलेली होती. घरी जाऊन तिनं काकाला हे सांगितलंच असणार. आणि प्रफुल्लला ते पटलं असणार. माझं म्हणणं त्याला नेहमीच पटतं.