दादासो गुळव्याचा सैल पाक

हातकणंगल्याजवळच्या त्या गुऱ्हाळावर रसाआधी बातम्या उकळतात. दादासो गुळव्याचा गूळ लागोपाठ सैल पडला, तेव्हा कुणी म्हणालं नजर गेली, कुणी म्हणालं बायकोशी भांडून येतोय. मालकानं सांगूनच टाकलं, "ह्या काहिलीतला पाकबी बिघडला की उद्या दुसरा गुळव्या." दादासोला जन्मात दुसरं काम येत नव्हतं. पाक सैल दिसला की तो घाबरून जाळ वाढवायचा. आजही त्यानं तेच केलं.

डबा घेऊन आलेली लेक प्रीती कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी. ती ओरडली, "आबा, जाळ काढा की! ऊस शिळा हाय, रस आंबलाय. साखरेच्या रेणूत अणूंनी एकमेकांना धरलेलं असतंय. आंबट रस तापला की मधली पकड सुटते, साखरंचं दोन तुकडं होत्यात. मग गूळ बसत न्हाय."

"मग लाव की त्यांचं परत लगीन!"

"काहिलीत न्हाय जुळत ते, आबा."

चुलवाणावरचा गडी फिदीफिदी हसला. मालक बघत होता. जाळ काढायचा म्हणजे त्याच्यासमोर हरलो म्हणायचं. दादासोनं पाकाचा थेंब पाण्यात सोडला. गोळी वळायची सोडून तो पसरत गेला.

"आणखी चिपाडं घाल रं चुलीत," लेकीकडं न बघता तो म्हणाला.