न जाणारे फ्यूज

विजेला आदरार्थी बहुवचनात बोलावणारे गृहस्थ ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच झाले, आणि ते आमच्या बरोबर खालच्या घरात राहायचे, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. दिवे गेले की आम्ही बाकीचे "गेली रे गेली" म्हणून ओरडायचो, काका मात्र गॅलरीत येऊन शांतपणे म्हणायचे, "गेल्या. येतील." जणू घरातली कुणी वडीलधारी बाई देवळात गेली आहे आणि आरती झाली की परतणार आहे. कोपर स्टेशनच्या अलीकडची आमची बारा बिऱ्हाडांची इमारत. आम्हा दुसऱ्या मजल्यावरच्यांसाठी ते खालचे काका, तळमजल्यावरच्यांसाठी वरचे काका आणि समोरच्या दारातल्यांसाठी नुसतेच काका. त्यांचं खरं नाव मीटरखालच्या पाटीवर होतं म्हणतात, पण मीटरच्या इतकं जवळ जाण्याची आमची कुणाची छाती नव्हती.

ठाण्याच्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी जमिनींचे नकाशे शाईने उतरवण्यात घालवली होती. हात असा, की पोळीवर तूप वाढलं तरी ते हद्दीच्या आत राहायचं. निवृत्तीनंतर या हाताला दुसरं काम मिळालं ते आमच्या घराघरांतले फ्यूज बांधण्याचं. कुणाचा फ्यूज गेला की काकांना बोलावणं जाई. ते लगेच येत नसत. आधी अंघोळ झालेली पाहिजे; मग पायात रबरी चपला, चपलांखाली जेवायला बसायचा लाकडी पाट, उजव्या हातात टेस्टर आणि डावा हात पाठीमागे कमरेवर. "यांच्यापुढे एकच हात करावा," ते बजावत, "दुसरा घरी न्यायला ठेवावा." पाटावर चढण्याआधी ते आत तोंड करून मोठ्यांदा म्हणायचे, "मी चढतोय हो!" आणि आतून काकूंनी "चढा!" म्हणायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. पण दुसऱ्याच्या घरीसुद्धा ही हाक ते मारत, आणि उत्तर त्या घरच्या बाईला द्यावं लागे. माझी बायको नवीन लग्न होऊन आलेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दाराशी पाटावर उभं राहून एक परके गृहस्थ आपली परवानगी मागताहेत हे बघून तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "चढा म्हण," मी सोफ्यामागून कुजबुजलो. सोफ्यामागे मी का होतो, हे सांगायला नको. मी बल्ब बदलायचा झाला तरी आधी चष्मा काढून ठेवायचो. जे काय व्हायचं ते निदान दिसू तरी नये.

काकांचा अभिमान एकच होता. त्यांनी बांधलेला फ्यूज जात नसे. चिनी मातीच्या त्या पांढऱ्या ठोकळ्यात बसवायची बारीक तार ते देवापुढच्या वातीसारखी मांडीवर वळत. आणि फ्यूज गेला तर त्यांच्या लेखी त्याचा अर्थ इतकाच, की तार अशक्त होती. मग तिला ते ताकद देत. घरात फ्रिज आला, तारेला एक पदर वाढला. टीव्ही आला, दुसरा वाढला. गिझर आला त्या वर्षी तर ती चांगली सुतळीएवढी झाली. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. काका बाराही घरांच्या मेन स्विचला हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल खोचून जायचे. आमच्याकडे बारा वर्षांत फ्यूज गेला नाही, हे मी नौपाड्याच्या ऑफिसात अशा थाटात सांगायचो, जणू ती तार माझ्याच मांडीवर वळली होती.

काकांची एकुलती एक लेक नौपाड्याला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून काकांनी पाळण्याच्या कड्या सहा महिने आधीच तेल घालून ठेवल्या. सातव्या महिन्यात ती दोन दिवस राहायला आली आणि न्हाणीघरातून हात झटकतच बाहेर पडली.

"बाबा, नळाला हात लावला तर मुंग्या येतात."

"सातव्यात येतात मुंग्या," काका म्हणाले.

"मला दिवाळीपासून येतात," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "मी कितव्यात आहे?"

मी तेव्हा तिथे पेपर मागायला गेलेलो. हसू दाबून उभा होतो, पण लेक हसली नाही. तिने भिंतीला नाक लावलं. जळकट वास येत होता. तो गेले काही दिवस येत होता आणि काका तो शेजारच्या खरपूस भाजण्यांच्या नावावर टाकत होते. "बाबा, हा बोर्ड बदला," ती म्हणाली. "नाहीतर मी इथे येत नाही. माझं बाळ या पाण्याने न्हाणार नाही."

"अगं, पण फ्यूज कुठे गेलाय?" काका कळवळून म्हणाले. लेकीने पिशवी भरली. दुपारच्या आत ती नौपाड्याला परत गेली, आणि पाळण्याच्या कड्या नुसत्याच लोंबत राहिल्या.

पाचव्या दिवशी काकांनी बोलावलेला विठ्ठलवाडीचा एक वायरमन आला. पन्नाशीचा, रुंद, कमी बोलणारा. काकांनी त्याच्यासाठी पाट मांडला. त्याने तो पायाने बाजूला सारला आणि आपली शिडी लावली. मेन बंद करून त्याने चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि उजेडात धरला.

"ह्यो कुणी बांधला?"

"मी," काका म्हणाले. त्या 'मी'मध्ये त्यांची सगळी निवृत्ती होती.

"काका, ह्यो फ्यूज न्हाई. खिळा हाय." त्याने गिझरमागची तार ओढून काढली. तिचं प्लास्टिक वितळून काळं झालं होतं, हाताला चिकटत होतं. "ही जळायला लागली तवा ह्येनं जायला पायजे हुतं. फ्यूज जायसाठीच असतोय. तुम्ही त्याला जाऊच दिला न्हाई."

काकांनी ती काळी तार हातात घेतली आणि नकाशा तपासावा तशी डोळ्यांजवळ नेऊन इंच इंच पाहिली. मग त्यांनी मान वर केली. दारातून बघणाऱ्या मला वाटलं, छताकडे बघताहेत. पण ते आमच्या घराकडे बघत होते. नंतर त्यांनी खाली, जमिनीकडे, म्हणजे तळमजल्याकडे बघितलं. दुपारभर वायरमन काम करत होता. जुनी लाकडी पेटी उतरली, खटक्यांचा नवा पांढरा बोर्ड चढला, अर्थिंगची तार जमिनीत गेली. गळतीची वीज ओळखून सगळं घर बंद करणारा एक मोठा खटका त्याने दाखवला, त्यावरचं तपासणीचं बटण दाखवलं. काका "हो, हो" म्हणत होते, पण ते तिथे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची कडी वाजली. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून काका उभे. "तुमच्याकडचा फ्यूज मी चुकीचा बांधला आहे. काढू द्या."

"अहो काका, बारा वर्षं..." मी हसत म्हणालो.

"तेच," ते म्हणाले. ते हसत नव्हते.

तीन दिवसांत आम्ही उरलेली अकरा घरं केली. आम्ही म्हणजे मी पाट उचलायचो. प्रत्येक दारात काका तेच वाक्य त्याच शब्दांत म्हणत, सुतळीएवढी वात काढून खिशात टाकत आणि वायरमनने दिलेली एकेरी बारीक तार बसवत. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला जाळायला बसला होतात?"

"हो," काका म्हणाले.

हे उत्तर बाईंनाही अपेक्षित नसावं. त्यांनी खुर्ची पुढे केली. पण काका खरे मोडले ते वरच्या मजल्यावरच्या एका घरी. तिथल्या वहिनी दारातच म्हणाल्या, "राहू द्या हो काका. तुमच्या हातचा आहे ना? आमचा विश्वास आहे तुमच्यावर." काका जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ टेस्टर या हातातून त्या हातात करत राहिले. मग उठून म्हणाले, "वहिनी, ठेवू नका विश्वास. मेन बंद करा." त्या दिवशी पाटावर चढताना त्यांनी हाक मारली नाही. डावा हातही कमरेवर नव्हता. तो उजव्याला धरून होता.

त्यानंतर आमच्या इमारतीत फ्यूज जाऊ लागले. इस्त्री आणि मिक्सर एकदम लावला की गेला. पाहुणे आले, गिझर लावला, गेला. काकांनी दारात येऊन काय सांगितलं होतं ते लोक महिन्याभरात विसरले. लक्षात राहिलं इतकंच, की पूर्वी जात नव्हते, आता जातात. "काकांचा हात गेला," असं जिन्यात बोललं जाऊ लागलं. आणि जे सांगायला मला आजही जड जातं ते असं, की एका रविवारी ऐन मॅचमध्ये टीव्ही बंद पडला तेव्हा गॅलरीत जाऊन मीही मोठ्यांदा म्हणालो, "वय झालं आता त्यांचं!" सगळं ठाऊक असलेला मी. खालच्या गॅलरीत काका कपडे वाळत घालत होते. दहा मिनिटांनी ते न बोलावता वर आले, तीच एकेरी तार पुन्हा बसवली आणि उतरताना म्हणाले, "पुन्हा जाईल हं." रागावले असते तर मी माफी तरी मागितली असती.

लेक आली. मुलगी झाली. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पाण्याला हात लावण्याआधी काकांची वाट बघावी लागे. काका रोज सकाळी बोर्डापुढे उभे राहून तपासणीचं बटण दाबत. खट्ट. पंखा मंदावत जाई, काकूंची चटणी अर्धी वाटलेली राहून जाई, रेडिओ गाण्याच्या मध्येच थांबे. मग काका खटका वर करून म्हणत, "घाला पाणी." वायरमनने महिन्यातून एकदा दाबा म्हणून सांगितलं होतं. काकूंनी हे एकदा काढलं, तर काका म्हणाले, "महिन्यातून एकदा अंघोळ करते का ती?"

हळूहळू बाकीच्या घरांतही नवे बोर्ड आले. आमच्याकडे सगळ्यात शेवटी आला, कारण मी बोर्डाजवळ जायला सगळ्यात शेवटी तयार झालो. काका-काकू आता लेकीकडेच असतात. ऑफिस सुटल्यावर मी कधी कधी डोकावतो. काकांना माणसं नीट ओळखू येत नाहीत. मी कुठल्या मजल्यावरचा, हेही त्यांना काकूंना विचारावं लागतं. ते कळलं की मात्र तब्येत, मुलं, पाऊसपाणी काही न विचारता पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणतात, "तुमच्याकडे शेवटचा कधी गेला?"

खरं तर आमच्याकडे कित्येक महिन्यांत काही गेलेलं नाही.

"परवाच गेला, काका," मी सांगतो.

"बरं झालं," ते म्हणतात, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसतात.