रंगाखालचं वेल्डिंग

जुन्या फोर-व्हील जीपवाल्यांनो, आज हात जोडून विचारतोय.

आईचं आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस असतं. गाव आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये नाला आहे, म्हणून ही सेकंडहँड जीप घेतली. तिचं सगळं काम मी स्वतः शिकून करतो. आज निघण्याआधीही खाली झोपून एकेक बोल्ट तपासला होता.

ऐन नाल्यात स्टिअरिंग एकदम हलकं झालं. उतरून पाहिलं, तर पुढची दोन चाकं दोन दिशांना आणि स्टिअरिंगचा रॉड मधोमध तुटलेला.

मी पाण्यात बसून तुटलेलं टोक न्याहाळत होतो. आई जीपमधून ओरडली, "बाबू, रॉड मंग पाह्यजो, आधी मले ने!"

शेजारच्या शेतातले देवराव बैलबंडी घेऊन आले. "भाऊ, तुह्या फोर-व्हीलले शेवटी माह्येच बैल लागले."

बंडीतून डांबरी रस्ता गाठला आणि उशिरा का होईना, आईला डायलिसिसचं मशीन लागलं.

तुटलेल्या जागी जुनं वेल्डिंग निघालं. आधीच्या मालकानं त्यावर जाड काळा रंग मारला होता. हाच रॉड पुढे हायवेवर तुटला असता तर?

परवा पुन्हा जायचंय. रॉड नवा टाकीन, पण बाकी गाडीत रंगाखाली काय दडलंय ते कसं शोधू? सांगा, आईला पुन्हा तिच्यात बसवू का?