माझा हात सोडा

त्यानं माझं मनगट धरलं आणि हात वर उचलला.

"बघा मंडळी," तो माईकवर म्हणाला, "देवानं हिची बोटं कशी केल्यात बघा!"

समोरच्या गर्दीतून मोबाईल वर झाले. मी व्हीलचेअरवर बसलेली. आणि मी चालते! बावड्यातून शाहूपुरीला रोज बसनं जायचे, दुकानाचा जिना चढायचे.

दुकान फ्लेक्सचं. मी तिथं डिझाईन करायचे. या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही मीच केलेला. त्याला गोरा केला, पोट आत घेतलं. मालक म्हणाला, "साहेब तुझा सत्कार करणार हाईत. आईलाबी आण." सत्कार म्हणून गेले. स्टेजवर कळलं, दिव्यांगांना साहित्यवाटप आहे.

"बस की गं, फोटोपुरतं," कार्यकर्ता म्हणाला. आणि खांदे दाबून बसवलंच.

मला एपर्ट सिंड्रोम आहे. आईच्या पोटातच कवटीची हाडं एकमेकांना जुळून बसली. हातापायाची बोटंही चिकटलेली. लहानपणी डॉक्टरांनी कवटी उघडून मेंदूला जागा केली. मांडीची कातडी लावून बोटं सुटी केली. ती अजून वाकत नाहीत. त्याच ताठ बोटांनी मी माउस चालवते.

आई नेसरी गावची. मी झाले तेव्हा बायकांनी तिला फाडून खाल्लं. ग्रहणात विळीवर बसली असेल. कुणाचं वाईट चिंतलं असेल. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही. एका जनुकात बदल झाला. तो आपोआप होतो." आईनं ते वाक्य पाठ केलं. जो बोट दाखवेल त्याच्या तोंडावर फेकलं.

आम्ही बौद्ध. गेला जन्म, त्याचं पाप, त्याची फळं, हे सगळं आमच्या आज्यानंच टाकून दिलेलं.

आणि हा माणूस माझा हात धरून म्हणाला, "गेल्या जन्मी काय पाप केलं आसंल बिचारीनं! पर आपुन हाय की तिच्या पाठीशी!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई होती. तिनं मान खाली घातली.

ते मला सोसलं नाही. मी उठून उभी राहिले. व्हीलचेअरवरची पोरगी उभी राहिली म्हणून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी पुढाऱ्याच्या माईकला तोंड लावलं.

"पाप न्हाय, साहेब. आजार हाय. माझा हात सोडा."

सोडला नाही. हसला. "रागावली की पोरगी!"

मी हिसडा मारला. खाली उतरले, आईला उठवलं आणि तडक बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "जा, पाया पड त्यांच्या. न्हायतर हितं येऊ नगंस."

"न्हाय पडणार."

कॉम्प्युटर बंद केला आणि जिना उतरले.

तोवर व्हिडिओ गावभर झालेला. मी उठायच्या आधीच कापलेला. त्याच्या मुठीत माझा हात आणि वर लिहिलेलं, 'माणुसकीचा झरा'. कापायला मला विचारलं नाही, दाखवायलाही नाही. माझं अंग म्हणजे काय ह्यांच्या बापाची जहागीर?

आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब हसले.

"अगं, चांगलंच केलंय की त्यांनी. तक्रार कशाची?"

"चारचौघांत माझा अपमान केला. अपंग माणसाचा असा अपमान करणं गुन्हा हाय. कायदा हाय."

"मोठा माणूस हाय तो. घरी जा. नीट विचार कर."

मी काही बोलायच्या आत आई बोलली. मान वर करून.

"विचार करूनच आलोय. लिवून घ्या."

साहेबांनी फोनात डोकं घातलं. आम्ही समोरच्या बाकड्यावर बसलो. आज लिहून घेतलं नाही तर उद्या येणार. इथं नाही झालं तर वरच्या साहेबाकडं जाणार, कोर्टात जाणार. मध्यस्थ येतील, साडी आणतील, 'मिटवून टाका' म्हणतील.

मिटवणार नाही.