परब बाई आणि व्हाइट सॉस

परब बाई दुसऱ्याच्या डब्यात न विचारता चमचा घालत. स्टाफरूममध्ये कुणाचाही डबा उघडला की एक घास खायच्या आणि तिथल्या तिथे निकाल लावायच्या. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भेंडीचो चिखल केलंस गो." जन्म घाटकोपरचा, पण स्टाफरूममध्ये नावं ठेवायची तर मालवणीतूनच. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र मी भेंडी कोरडी परतून नेली. पुढची अठरा वर्षं त्यांच्या धाकानं माझा स्वयंपाक सुधारला आणि आमचं मेतकूटही जमलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा जेवायला नेण्यासाठी स्टेशनजवळचं नवं पास्त्याचं हॉटेल मीच सुचवलं. बाहेरून बरं दिसत होतं, एवढीच माझी अक्कल. आत भिंतीवर चक्क सायकल टांगलेली. ती टांगण्यात घातला तेवढा जीव शिजवण्यात घातला असता तर बरं झालं असतं. बशीत व्हाइट सॉस म्हणून आली ती पोस्टर चिकटवायची खळ, आणि तिच्यात बुडवलेलं कच्चं पीठ. गार्लिक ब्रेडमध्ये लसूण शोधूनही सापडला नाही.

"कसं वाटलं?" मॅनेजरनं विचारलं. एका वेलांटीसाठी मुलांचा अर्धा मार्क कापणारे आम्ही नऊ शिक्षक. बाई आणि मी सोडून सगळे म्हणाले, "मस्त, मस्त."

"कच्चं आहे. परत ने," परब बाई म्हणाल्या.

"मॅम, इटालियन पद्धतीत थोडं असंच असतं."

"शिजवायचंच नव्हतं तर गॅस कशाला पेटवलास?"

"बाकी सगळ्यांना आवडलंय ना," असं म्हणत तो माझ्याकडे वळला. बाईही वळल्या. मी त्यांची बाजू घेईन याची त्यांना खात्री होती. माझ्या तोंडात तेच कच्चं पीठ होतं. पण हॉटेल मी निवडलेलं, आणि सगळ्या स्टाफसमोर माझं हसं झालं असतं. मी घास गिळला आणि म्हणाले, "मला तर बरं वाटलं."

बाईंनी बशी पुढ्यात ओढली आणि सगळं संपवलं. त्या हॉटेलची मला किळस येते, पण स्वतःची त्याहून जास्त.

गेल्या महिन्यात मी मुलुंडला त्यांच्या घरी सुरमईचं कालवण घेऊन गेले. मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. चार शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी होती. बाईंनी ते भातात कालवून खाल्लं, हात धुतले आणि हसून म्हणाल्या, "छान झालंय हो. कशाला एवढा त्रास घेतलात तुम्ही?"